एक चाप ओढला, दोन बार उडाले: दोष बोटाचा की बंदुकीचा?

सिंधुदुर्गातून एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. भात आणि काजू करतात. वडील गेल्यावर शेती संरक्षणाचा परवाना आणि घरातली दुनळी बारा बोअर रीतसर यांच्या नावावर झाली. बंदूक आजोबांच्या वेळची, बर्मिंगहॅमची, दोन चापांची, घोडे (काडतुसावर आपटून बार उडवणारे हातोडे) आत असलेली. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली होती ती आणायला उशीर झाला, पाऊस तिथेच काढला तिने. घरी आल्यावर एका रात्री भातात डुकरं घुसली म्हणून हुसकवायला हवेत बार काढला. पुढचा चाप ओढला आणि दोन्ही नळ्या एकदमच उडाल्या, खांदा आठवडाभर काळानिळा. मुलगा बॅटरी धरून बाजूला उभा होता. नंतर तीन बार नीट गेले, चौथ्याला पुन्हा तेच. चुलते म्हणतात "अरे तुझा बोट लागला आसतला". गावातला लोहार म्हणतो आण इकडे, कानस मारून चाप कडक करून देतो. बायको म्हणते देऊन टाका ती बंदूक. ह्यांना वाटतं की एका वेळी एकच काडतूस घातलं तर प्रश्नच मिटला. आणि शेवटी लिहिलंय, "बाबांच्या हातात चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नाही, म्हणजे चूक माझीच असणार ना?"

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं लक्ष बंदुकीकडे होतं, दुसऱ्यांदा मुलगा बाजूला उभा होता त्या वाक्यावर थांबलो आणि पुढे जाववेना. म्हणून बाकी बोलणं नंतर, आधी एवढं करा. नळ्या खाली पाडून काडतुसं काढा, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा, बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि ह्या गोष्टीचा छडा लागेपर्यंत तिच्यात एकही काडतूस घालू नका. हंगामात हे सांगणं सोपं नाही हे मला कळतं, डुकरं एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात. पण तोवर फटाके, डबे, माचाणावरची राखण, काय चालतं ते करा.

आता तुमचा प्रश्न. बाबांच्या हातात झालं नाही म्हणून चूक माझी, हे तुम्ही धरूनच चाललाय, आणि मला तेच आधी हलवायचंय. कारण हा दोष बंदुकीत एका रात्रीत येत नाही, तो बाराबाराने येतो, आणि ज्याच्या हातात ती शेवटी असते त्याच्या वाट्याला तो दिसतो.

आत काय असतं ते सांगतो म्हणजे कळेल. घोडे आत असलेल्या बर्मिंगहॅमच्या बहुतेक बंदुका अँसन आणि डीली ह्या दोन कारागिरांच्या पद्धतीच्या असतात, १८७५ चं पेटंट आहे ते. नळ्या खाली पाडल्या की त्यांच्या तरफेने आतले दोन्ही घोडे चढतात. प्रत्येक घोड्याला एक खाच, आणि त्या खाचेत एक खिटी नाक अडकवून बसलेली, आमच्या धंद्यात तिला सिअर म्हणतात पण मी इथे खिटीच म्हणतो. चाप ओढला की चापाची पट्टी खिटीची शेपटी उचलते, नाक खाचेतून सुटतं, घोडा पडतो, बार उडतो. पुढच्या चापाची उजवी नळी, मागच्याची डावी, दोघांची खिटी वेगळी, स्प्रिंग वेगळी, सगळं वेगळं, म्हणजे एका दस्त्यावर दोन बंदुका बसवल्यात असं समजा. आणि ते नाक खाचेत शिरलेलं असतं किती, तर जेमतेम नखाच्या जाडीएवढं. तेवढ्यावर सगळं उभं असतं.

उजवी नळी उडाली की अख्खी बंदूक मागे येते आणि तो धक्का डाव्या खिटीलाही बसतो. नाकाची आणि खाचेची कड सरळ असेल, स्प्रिंगमध्ये दम असेल, तर ती हलत नाही. कड गोल झाली असेल, किंवा स्प्रिंग थकली असेल, किंवा जुनं तेल घट्ट होऊन खाचेत बसल्यामुळे नाक पूर्ण आत जातच नसेल, तर डावी खिटी धक्क्यानेच सुटते, तुमचं बोट तिथे असो नसो. आणि हे दर वेळी होत नाही, नाक कधी थोडं जास्त शिरतं कधी कमी, तीन बार नीट आणि चौथ्याला दोन्ही, हे तुम्ही लिहिलंय ना, ते वाचूनच मला बंदुकीचा संशय जास्त आला. बाबांनी चाळीस वर्षं वापरली, त्याआधी आजोबांनी, प्रत्येक बाराला ती कड कणभर झिजली.

चुलत्यांचं मात्र अगदीच उडवून लावू नका. बोटानेही दोन बार उडतात. बंदूक खांद्यावर आदळते आणि मग खांद्यावरून पुन्हा पुढे उसळते, त्या उसळीत पकड आपोआप घट्ट होते आणि पुढच्या चापावरून घसरलेलं बोट मागच्या चापावर जाऊन बसलेलं असेल तर तो दाबला जातो, माणसाला कळतही नाही की आपण दाबला. एकाच चापाने दोन्ही नळ्या उडवायच्या बंदुका इंग्लंडमध्ये बनवायला घेतल्या तेव्हा चांगले चांगले कारागीर ह्याच गोष्टीने हैराण झाले होते, मग लंडनच्या बॉस कंपनीने १८९४ च्या पेटंटमध्ये असा चाप बसवला की उसळीतला तो नकळत ओढलेला चाप फुकट जावा आणि पुढच्या ओढण्यालाच दुसरा बार उडावा. म्हणजे बोट नकळत दाबतं हे मुरलेल्या नेमबाजांचंही होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि आपल्याकडे आणखी एक सवय बघितलीय, पहिलं बोट पुढच्या चापावर आणि मधलं मागच्यावर, दोन्ही आतच, म्हणजे दुसरा बार पटकन काढता येतो. ती सवय असेल तर आजपासून बंद. एकच बोट आत, तेही बार काढायच्या क्षणी, आणि चापावर बोटाचं टोक टेकवायचं, बोट खोल घालायचं नाही.

मग ओळखायचं कसं. आवाजावरून काही जण सांगतात, बोटाचं असेल तर दोन आवाजांत किंचित अंतर पडतं, खिटी सुटली असेल तर एकच मोठा धडाका, पण रात्री शेतात घाबरलेल्या कानांवर मी तरी विसंबणार नाही.

घरी तुम्ही जे तपासू शकता ते रिकाम्या बंदुकीवर आणि डमी काडतुसांवर, त्यांना स्नॅप कॅप म्हणतात, बंदुकीच्या दुकानात मिळतात, आत दारू नाही की टोपी नाही, घोड्याचा मार झेलायला फक्त स्प्रिंग किंवा रबर असतं. खोलीत खरं काडतूस एकही नको, आणि तोंड अशा बाजूला की पलीकडे माणूस नाही. आधी दोन्ही चाप बघा, बोटाने हलकेच हलवले तर जोर लागायच्या आधी किंचित मोकळे हलायला हवेत. एखादा अजिबात हलत नसेल, ताठ असेल, तर त्याची पट्टी खिटीच्या शेपटीला आधीच टेकलेली आहे, म्हणजे नाक आधीच अर्धं उचललेलं आहे. मग पुढचा चाप सावकाश ओढा आणि मागच्याकडे नजर ठेवा, तो बरोबर ओढला जातोय का, गंज किंवा चिकट तेलाने दोन पट्ट्या एकमेकींना धरतात कधीकधी. मग डमी घालून नळ्या बंद करा, पुढचा चाप ओढा, टक् आवाज येईल. आता बंदूक न उघडता दस्त्याच्या टाचेवर तळहाताने दणका द्या, किंवा घडी केलेल्या गोधडीवर चार बोटं उंचीवरून टेकवून आपटा, आणि कान द्या. दुसरा टक् आपोआप आला तर उत्तर मिळालं. नाही आला तर मागचा चाप ओढा, तेव्हा टक् यायला हवा, आला नाही म्हणजे तो घोडा आधीच कधीतरी पडून गेलाय. हे पंधरा वीस वेळा करा, मग उलट, आधी मागचा आणि मग पुढचा.

एक नीट लक्षात घ्या, ह्या तपासणीत बंदूक नापास झाली तर ती नक्की नापास, पण पास झाली तर ती पास झाली असं नाही. तळहाताचा दणका आणि बाराचा धक्का ह्यात फार फरक आहे. पुढची तपासणी परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच, आणि ती कशी होते ते सांगतो म्हणजे तुम्ही तिथे जाऊन मागू शकाल. एका नळीत खरं काडतूस, दुसरीत डमी, दोन्ही घोडे चढलेले. खरा बार काढायचा आणि मग बघायचं की डमीच्या बाजूचा घोडा पडला का. धक्का खरा मिळतो पण दुसरा बार उडायची भीती नाही. पडला, तर पुढच्या फेरीत त्या दुसऱ्या चापाच्या मागे लाकडाची किंवा बुचाची पाचर बसवायची, म्हणजे कोणाचंही बोट लागलं तरी तो मागे येऊच शकत नाही. तरीही घोडा पडला तर बोट सुटलं त्यातून, दोष आतला. पाचर असताना दहा वेळा टिकला आणि पाचर काढल्यावर तुमच्या हातात पडला, तर चुलते बरोबर. ह्यापेक्षा स्वच्छ निकाल मला माहीत नाही.

तिथेच चापाचं वजनही काट्यावर मोजून घ्या. जुन्या इंग्रजी बंदुकीला पुढचा चाप साधारण साडेतीन ते चार पौंडांचा, म्हणजे १.६ ते १.८ किलो, आणि मागचा थोडा जास्त, २ किलोपर्यंत ठेवायची पद्धत आहे. त्याहून बराच हलका भरला तर एकतर झिजलाय किंवा कोणीतरी पूर्वी हात घातलाय.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय, की पाऊस तिने ठाण्यात काढला. कोणाला दोष देत नाही मी, पण कोकणातल्या चार महिन्यांत कुलूपबंद खोलीत अक्रोडाचं लाकूड फुगतं, नंतर उन्हात आक्रसतं. लाकूड आक्रसलं की चाप ज्या पट्टीवर बसलेत ती पट्टी स्क्रू आवळल्यावर वर सरकते, चाप वर येतात आणि खिटीच्या शेपटीला टेकतात. पुष्कळदा घरी कोणीतरी ढिले वाटले म्हणून खालचे स्क्रू कचकचून आवळलेले असतात आणि तिथेच सगळं बिघडतं, म्हणून तुम्हीही आठवून बघा कोणी आवळलेत का. आणि तेल. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची पद्धत आहे, बाहेरून एक वेळ ठीक, पण आत गेलेलं खोबरेल थंडीत थिजतं आणि वर्षानुवर्षं साचून डिंकासारखं होतं. मी अशा बंदुका उघडताना बघितल्यात की खाच दिसतच नव्हती, नुसता पिवळा चिकटा. तुमची झिजलेली नसून नुसती चिकटलेली असण्याची शक्यताही आहे, आणि तसं असेल तर कारागिराने पूर्ण खोलून धुणं, सुकवणं आणि हलक्या तेलाचे दोन थेंब एवढ्यावर काम भागेल.

दस्ताही नीट उजेडात बघा, लोखंड आणि लाकूड जिथे भेटतं तिथे आणि मुठीच्या बारीक भागावर. केसासारखी चीर दिसते का. दोन बार एकदम उडाले की मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि धक्क्यातली ऊर्जा चौपट, तुमच्या खांद्याने ते सोसलं तसं लाकडानेही सोसलंय, आणि तेही दोनदा. चीर असेल तर लोखंड दर बाराला थोडं हलतं आणि पुन्हा तेच, चाप खिटीला टेकायला लागतात. नुसती खिटी नीट केली आणि चीर तशीच ठेवली तर सहा महिन्यांत परत पत्र लिहाल.

काडतुसं कोणती वापरता ते लिहिलं नाहीत. हे विचारतो कारण त्या काळच्या इंग्रजी बारा बोअरच्या नळीत काडतुसाचं घर बऱ्याचदा अडीच इंचांचं असतं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं, आणि आज दुकानात ७० मिलिमीटरचं सर्रास मिळतं. ते आत बसतं, नळ्या बंद होतात, त्यामुळे माणसाला वाटतं चालतंय. पण ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते, आत उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि धक्काही वाढतो, आणि काठावर टिकलेली खिटी सुटायला तेवढं पुरतं. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान असोत नाहीतर बाहेरची, डब्यावरची लांबी वाचा. नळ्या काढून खालच्या सपाट बाजूला बघा, तिथे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे छाप असतील, ते १८१३ पासून नळ्या तपासून छाप मारतं. नायट्रो प्रूफ, म्हणजे हल्लीच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, असे शब्द आहेत का बघा, नसतील, किंवा नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती काळ्या दारूसाठी बनलेली असू शकते आणि मग हल्लीचं काडतूस घालायचा विषयच येत नाही जोवर जाणकार नळ्या मोजून सांगत नाही. मोजमाप त्यालाच करू द्या.

लोहाराकडे मात्र नको, हे मी अगदी हात जोडून सांगतो. माणूस चांगला असेल, विळे कोयते उत्तम करत असेल, पण खिटीचं नाक आणि खाच ह्यांना फक्त वरची पातळ कातडी कडक केलेली असते, आतलं लोखंड मऊ. कानस दोनदा फिरली की ती कातडी गेली, पहिल्या दिवशी चाप मस्त लागेल आणि पन्नास बारांत पहिल्यापेक्षा वाईट. शिवाय ह्या दोन कडांचा कोन डोळ्याने धरता येत नाही, तिथे दगडाने घासून, भिंगाने बघून, गरज पडली तर धातू भरून, पुन्हा कापून, पुन्हा कडक करायचं असतं. आणि कायदाही आहे, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी हे काम परवान्याशिवाय करता येत नाही, उद्या काही झालं तर लोहारही अडकेल आणि तुम्हीही. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन पण बसू नका. ह्या स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक असतात की आपला बाजारचा ड्रायव्हर त्या फाडतो, आणि आतली मुख्य स्प्रिंग ताणलेली असते, बोट तोडेल.

एकच काडतूस घालायचा तुमचा विचार मला समजतो, दोन बार उडणार नाहीत हे खरं. पण प्रश्न दोन बारांचा नाही हो, प्रश्न असा आहे की एक खिटी चाप न ओढता सुटतेय. ती बाराच्या धक्क्याने सुटते तशी बांधावरून उडी मारताना, पाय घसरून दस्ता दगडावर आपटताना, नळ्या जोरात बंद करतानाही सुटू शकते, आणि तेव्हा तोंड हवेत असेलच असं नाही. सेफ्टी लावलेली असते असं म्हणाल, तर ह्या पद्धतीच्या बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, खिटीला किंवा घोड्याला हातही लावत नाही. महागड्या काही बंदुकांत सुटलेला घोडा वाटेत झेलणारी दुसरी खिटी असते, तुमच्या बंदुकीत ती नसण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे सेफ्टी लावून मुलाच्या मागून चालणं हे तुम्हाला वाटतं तेवढं सुरक्षित नाही. दुरुस्तीनंतरही नाही. चालताना नळ्या खाली पाडलेल्या, काडतुसं खिशात, हीच सवय दोघांनी लावून घ्या.

दुरुस्तीला नेण्याआधी परवान्यावर हद्द काय लिहिलीय ते वाचा, शेती संरक्षणाच्या परवान्यावर ती बऱ्याचदा मर्यादित असते. दुकान हद्दीबाहेर असेल तर कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत लेखी विचारून, उत्तर हातात घेऊनच निघा. मूळ परवाना बरोबर, बंदूक रिकामी आणि पेटीत, आणि ठेवून येताना बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घ्या. कारागिराला नुसतं "चाप कडक करा" सांगू नका. दोनदा दुहेरी बार उडाले, पुढचा चाप ओढल्यावर, मध्ये तीन नीट, पावसात पडून होती, अमुक काडतुसं, हे कागदावर लिहून द्या, त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

वहिनींच्या बोलण्याबद्दल. त्या घाबरल्यात आणि त्यांचं चुकलेलं नाही, म्हणून हा पर्याय मी बाजूला सारत नाही. कारागीर म्हणाला की नळ्या पातळ झाल्यात, किंवा खर्च बंदुकीच्या किमतीबाहेर जातोय, तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर देऊन त्याच परवान्यावर साधी एकनळी घ्यायला परवानगी मागता येते, आणि डुकरं हुसकवायला एकनळी पुरते. बाबांची वस्तू घराबाहेर गेली म्हणून बाबा जात नाहीत, पण हे मी सांगून होणार नाही, तुम्ही आणि वहिनी बसून ठरवा, आणि शक्य तर आधी तपासणीचा निकाल हातात घेऊन ठरवा, भीतीतही नको आणि हट्टातही नको. माझं मन विचाराल तर चीर आणि नळ्या ठीक निघाल्या तर दुरुस्त करून ठेवावी असंच म्हणेन, अशा बंदुका पुन्हा बनत नाहीत.

दुरुस्त होऊन आली की तीच एक नळी खरी एक डमीवाली फेरी तिथेच, तुमच्या स्वतःच्या हाताने, दोन्ही बाजूंनी दहा दहा वेळा करून मगच पैसे द्या. आणि खिटी बदलली तर जुनी मागून घ्या, कारागिराचं भिंग दोन मिनिटं उसनं घ्या आणि तिचं नाक बघा. कड गोल होऊन चकचकीत झालेली दिसली तर घरी नेऊन चुलत्यांना पण दाखवा, तेवढी झीज एका रात्रीत कोणाच्या बोटाने होत नाही.